व्याकरण चालवणारे सर

हडपसरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा आमच्या पेठेच्या लेखी हडपसर हे पुण्याबाहेरचं गाव होतं. शेजारच्या काकू सकाळी मला पिशवी घेऊन निघताना पाहायच्या आणि "निघालीस का गावाला?" असं विचारायच्या. काही वर्षांनी त्याच काकूंचा जावई हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला लागला, आणि हडपसर एका रात्रीत पुण्यात आलं.

शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, पाचवी ते दहावी. मुलं कारखान्यातल्या कामगारांची, भाजीबाजारात गाळा असणाऱ्यांची आणि हमालांची, आणि पुढेपुढे नव्या इमारतींवर वॉचमन म्हणून आलेल्यांची. इंग्रजीला आम्ही तिघं होतो. सर, मी आणि नवीन बाई. नवीन बाई येऊन चार वर्षं झाली तरी त्या नवीनच होत्या, कारण त्यांच्यानंतर शाळेत कोणाची भरतीच झाली नाही.

सर म्हणजे व्याकरण. ते फळ्यावर एक वाक्य लिहायचे, त्यातल्या एका शब्दाखाली रेघ मारायचे, आणि एखाद्या मुलाकडे बघून म्हणायचे, "चालवा." मग ते पोर उठून सुरू व्हायचं, "बॉइज, नाउन, कॉमन नाउन, प्लुरल नंबर, मॅस्क्युलिन जेंडर, सब्जेक्ट टू द व्हर्ब." शब्दाची जात, लिंग, वचन आणि वाक्यातलं काम असं सगळं क्रमाने सांगायचं, याला व्याकरण चालवणं म्हणतात. हल्ली ते कोणी चालवत नाही, म्हणून सांगून ठेवते. सरांच्या वर्गावरून जाताना आत पाढे चालू आहेत असं वाटायचं. मुलांनाही ते आवडायचं, हे मला तेव्हा कबूल करायला जड जायचं.

माझा पक्ष उलट होता. माझे वडील इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, आणि पाहुणे आले की मला इंग्रजी कविता म्हणून दाखवावी लागायची. व्याकरणातली नावं मला फार उशिरा कळली, आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. मुलांना नाउन-व्हर्बचा काढा पाजण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावं, असं मी म्हणायचे. म्हणायचे म्हणजे भांडायचे. माझा स्वभाव तसा आहे, आणि घरचे त्याला स्वभाव म्हणत नाहीत.

अशात नवी पाठ्यपुस्तकं आली आणि त्यासोबत प्रशिक्षण आलं. वारज्याच्या एका शाळेत आम्हा शिक्षकांना मुलांच्या बाकांवर बसवलं. शिकवायला आलेल्या बाई चटपटीत होत्या. त्यांनी सांगितलं की, यापुढे वर्गात व्याकरणातली एकही संज्ञा उच्चारायची नाही. भाषा कानावर पडू द्यायची, ती आपोआप येते. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. सरांनी मात्र सगळं नीट लिहून घेतलं आणि हात वर केला.

"मुलानं चूक केली, तर त्याला काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही, सर. बरोबर वाक्य आपण म्हणायचं."

"त्याला फरक कळला नाही तर?"

"पुन्हा म्हणायचं."

"असं कुठपर्यंत?"

हॉल हसला. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. पुण्यात अवघड प्रश्नाला हे उत्तर चालतं.

शाळेत परतल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, नवी पद्धत उचलून धरली. स्टाफरूममध्ये गमतीचा एक नियम निघाला. वर्गात ज्याच्या तोंडून संज्ञा निघेल, त्याने त्या दिवशी सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. सर रोज मधल्या सुट्टीत बाह्या दुमडायचे आणि मोरीपाशी उभे राहायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि कधी संज्ञाही सोडली नाही. कपबशा मात्र तेवढ्या स्वच्छ नंतर कधी झाल्या नाहीत.

मी एकदा त्यांना मोरीपाशीच गाठलं. म्हटलं, "अहो सर, मुलाला पोहायला शिकवताना आपण काठावर बसून पाण्याचे घटक सांगतो का? ढकलतो ना पाण्यात?"

ते कप पुसत म्हणाले, "पाणी असेल तिथं ढकलावं, बाई. इथं पाणी कुठं आहे?"

ते पुढे म्हणाले, "तुमच्या घरात इंग्रजी होतं. चुकीचं वाक्य तुमच्या कानाला खटकतं. आमच्या पोरांच्या कानाला काय खटकणार? त्यांना चुकीचं नाव सांगावं लागतं. नाव कळलं की ती निदान चूक धरू शकतात."

'आमच्या' हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. सरांच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली. घरात काही नव्हतं, पण मुलाला शाळेत घालायचंच हा हट्ट त्या दिवसापासून होता. हडपसरच्या मागच्या बाजूला एका गावात ते राहायचे, आणि तिथे इंग्रजी बोलणारं माणूस नव्हतं. सरांना कोणाकडून तरी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक मिळालं. पुस्तक काही बोलून दाखवत नाही. त्यात नावं होती, ती सरांनी पाठ केली आणि त्या नावांच्या जोरावर ते बी.ए. झाले. त्या नावांना मी काढा म्हणत होते.

मला उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी. पण शिळ्या उत्तराला स्टाफरूममध्ये किंमत नसते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मगरींसारखे जेसीबी आले, शेतं गेली, इमारती आल्या, आणि इमारतींमागोमाग इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या, पिवळ्या बस घेऊन. आमचा पट घसरायला लागला. आठवीच्या दोन तुकड्या होत्या. मोठ्या बाईंनी बैठकीत सरळ सांगितलं की, यंदा सातवीची मुलं इथेच थांबली नाहीत, तर आठवीची एक तुकडी बंद होईल. तुकडीबरोबर इंग्रजीचं एक पद जाईल, आणि सर्वांत नवं माणूस अतिरिक्त ठरेल. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे जावं लागतं.

सगळ्यांनी नवीन बाईंकडे न बघण्याची काळजी घेतली.

या शाळेत येण्याआधी त्या सहा वर्षं वेगवेगळ्या शाळांत तात्पुरत्या म्हणून फिरल्या होत्या. इथे कायम झाल्यावर शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांनी खोली घेतली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता, आणि सासूबाई अंथरुणावर होत्या. त्या मधल्या सुट्टीत घरी जायच्या, सासूबाईंना जेवू घालायच्या आणि घंटेच्या आत परत यायच्या. शाळा बदलली असती तर हे सगळंच कोलमडलं असतं. बैठकीनंतर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "तुकडी राहील ना हो, बाई?"

मोठ्या बाईंनी उपाय काढला. सातवीच्या पालकांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर इंग्रजीचा खुला तास घ्यायचा. मुलं फाडफाड बोलताना दिसली की पालक कशाला दाखले काढतील? तास नवीन बाईंनी घ्यायचा ठरला, आणि तयारी माझ्याकडे आली. सरांना मोठ्या बाई हात जोडून म्हणाल्या, "सर, त्या दिवशी आपण तेवढे दाराबाहेर थांबा. एकसुद्धा नाउन पालकांच्या कानावर जायला नको."

आम्ही वर्गात भाजीबाजार मांडला. फ्लॉवर, वांगी, मेथीच्या जुड्या, तागडी सगळं खरं, कारण अर्ध्या मुलांच्या घरी ते होतंच. मुलं इंग्रजीत घासाघीस करायला लागली. एका बस ड्रायव्हरची मुलगी होती, तिच्या जिभेला तर हाड नव्हतं. गिऱ्हाइकाला ती इंग्रजीत असं झापायची की मला मंडईत भाजीवाल्यांशी भांडणारी माझी आजी आठवावी. मी खूश होते. सर म्हणाले होते इथे पाणी नाही, आणि मी वर्गात विहीर खणली होती.

खुल्या तासाला पालक मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले. नवीन बाईंनी हातात फ्लॉवर घेतला आणि त्या मुलीला इंग्रजीत किंमत विचारली. मुलीने मागे पाहिलं. मागे तिचे वडील खाकी शर्टात बसले होते. मुलीने मान खाली घातली. बाईंनी दुसऱ्याला विचारलं. त्यानेही आधी मागे पाहिलं, मग खाली. तिसऱ्या मुलाने "कॉलीफ्लॉवर" एवढं म्हटलं आणि तो लाजून बसला. एकही पोर बोलेना. नवीन बाईंनी फ्लॉवर टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला. मोठ्या बाई हसत होत्या, पण नुसत्या दातांनी.

हे असं का झालं, ते त्या मुलीनेच मला नंतर सांगितलं. "पप्पांसमोर इंग्रजी कसं बोलायचं, बाई? शाइनिंग मारल्यासारखं वाटतं." जी भाषा बापाला येत नाही, ती बापासमोर फाडफाड बोलणं म्हणजे त्याला उणं दाखवणं. आमच्या घरी मी कविता म्हटली की वडिलांची छाती फुगायची. या मुलांचं घर वेगळं होतं, आणि ते मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.

सर दाराबाहेर उभे होते. ते आत आले, कोणाकडे न बघता फळ्याशी गेले, एक वाक्य लिहिलं, एका शब्दाखाली रेघ मारली आणि ड्रायव्हरच्या मुलीला म्हणाले, "चालवा."

ती ताडकन उठली आणि सुरू झाली. हे बोलणं नव्हतं ना, हा शाळेचा अभ्यास होता. त्यात बापाचा अपमान नव्हता. तिच्यामागून दुसरा उठला, मग तिसरी. आणि मग मला मागून कुजबुज ऐकू आली. त्या मुलीच्या वडिलांचे ओठ हलत होते. सरांनीही ते पाहिलं.

"तू पण ऊठ," सर म्हणाले.

तो चाळिशीचा माणूस बाकातून कसाबसा बाहेर आला, हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला आणि त्याने शब्द चालवला. कुठेही अडखळला नाही. एका आईने शेवटची दोन पदं त्याच्याबरोबरच म्हटली आणि तोंडाला पदर लावला. अर्धे पालक सरांचेच जुने विद्यार्थी होते. हशा झाला, टाळ्या झाल्या, मुलं आपापल्या आईबापांकडे डोळे विस्फारून बघत होती. माझा पंधरा दिवसांचा भाजीबाजार टेबलावर तसाच पडला होता, आणि मला राग यायला हवा होता. पण मला भरून आलं. चहाच्या वेळी पालक सरांभोवती जमले होते आणि नवीन बाई पहिल्यांदाच मनमोकळ्या हसत होत्या. तुकडी वाचली, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं.

निकालानंतर ड्रायव्हर शाळेत आला. मुलीचा दाखला काढायचा होता. मी आणि सर ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात होतो. सरांना वाटलं तो भेटायला आलाय. त्याने खाली वाकून नमस्कार केला आणि मग कशाला आलोय ते सांगितलं.

"अरे, त्या दिवशी तर तू किती छान म्हणालास," सर म्हणाले.

"म्हणालो ना, सर. तुमच्यामुळं सगळं पाठ हाय. झोपेतनं उठवून इचारा." पुढचं बोलताना त्याची नजर फरशीवर होती. "पण मी हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतो. रोज पोरंपोरी बसतात, माझ्याशी दोन शब्द इंग्रजीत बोलतात, अन् मी नुसती मान हालवतो. मला नावं समद्यांची म्हाईत हायती, सर. बोलता येत न्हाई. हिला बोलता आलं पायजे."

हेच मी सरांना चार वर्षं सांगत होते. शब्दसुद्धा जवळजवळ हेच होते. आणि तरी माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, "अहो, तुमची मुलगी उत्तम बोलते. वर्गात कोणाला ऐकत नाही. ती फक्त तुमच्यासमोर बोलत नाही."

"माझ्यासमोर कशाला बोलायचंय तिला, बाई?" तो शांतपणे म्हणाला. "माझ्यासमोर गप बसली तरी चालंल."

मी आणखी काही बोलणार होते. सरांनी हात वर केला. "बाई, थांबा. बरोबर बोलतोय तो."

सर स्वतः ऑफिसात गेले, दाखला घेऊन आले आणि त्याच्या हातात दिला. म्हणाले, "तिथं तिला काही अडलं तर संध्याकाळी माझ्याकडं पाठव." तो पुन्हा वाकला. तो फाटकापर्यंत जाईस्तोवर सर व्हरांड्यात उभे होते.

तो एकटा नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण एकेक करून आले, सरांच्या पाया पडले आणि दाखले घेऊन गेले. जूनमध्ये आठवीची एकच तुकडी भरली. पट मंजूर झाला की नवीन बाई जाणार, हे पक्कं झालं. त्यांनी मागच्या गल्लीतली खोली सोडावी लागेल का, याची चौकशीही सुरू केली.

जुलैत मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की, सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. त्यांची दोन वर्षं राहिली होती. मी तडक त्यांच्या वर्गावर गेले. तास संपला होता आणि ते फळा पुसत होते.

"दोन वर्षांसाठी कोणी असं करतं का, सर?"

"मी गेलो की त्या राहतात. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"त्या ड्रायव्हरच्या बोलण्यावरून जाताय तुम्ही."

त्यांनी डस्टर झटकलं. मग म्हणाले, "माझ्या वर्गात पहिला यायचा तो, बाई. त्याचं कौतुक मी घरी सांगायचो."

चार वर्षांचा वाद मी जिंकले होते. इतकं वाईट मला हरल्यावरही कधी वाटलं नव्हतं. माझं मत बदललं असंही नाही. मुलांशी बोलावं, हे मी आजही म्हणते. पण त्या दिवशी मला माझ्या मताचा राग आला होता, आणि सरांना तो कळू नये म्हणून मी उगाचच खिडक्या लावत बसले.

सरांचा शेवटचा दिवस ऑक्टोबरच्या अखेरीला आला. दिवाळीच्या सुट्टीला अजून आठवडा होता. सकाळी शाल आणि नारळ झाला, भाषणं झाली. सरांना उत्तर द्यायला सांगितलं तेव्हा ते मराठीत दोन वाक्यं बोलून बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की, इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून इंग्रजी वाचलेलं ऐकलं, चालवलेलं ऐकलं, पण त्यांनी स्वतःचं म्हणून एकही इंग्रजी वाक्य बोललेलं ऐकलं नव्हतं. वर्गातही नाही आणि कुठेच नाही.

नंतर ते नवीन बाईंकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या तासाला मागं बसलो तर चालेल?"

बाई गोंधळल्या. मला तास नव्हता, म्हणून मी खिडकीशी उभी राहिले. सर शेवटच्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. मुलं सुरुवातीला मागे वळून बघत होती, मग विसरली. नवीन बाई ओळीने एकेकाला इंग्रजीत विचारत होत्या की, उद्या तू काय करणार? मुलं उठून सांगत होती. "आय विल मेक फोर्ट." एका मुलाने चिकणमाती कुठून आणणार तेही सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं हातांनी. "आय विल गो टू मामा." बाई चूक दुरुस्त न करता बरोबर वाक्य म्हणत होत्या आणि प्रत्येकाला "व्हेरी गुड" म्हणत होत्या.

ओळ शेवटच्या बाकाशी आली. बाई थांबल्या. सरांना विचारावं की त्यांना वगळून पुढे जावं, हे त्यांना ठरवता येईना. सरांनीच तो प्रश्न सोडवला. ते मुलांसारखे उठून उभे राहिले, हात मांड्यांना लावून. त्यांचे ओठ आधी नुसते हलले. वाक्य आतल्या आत जुळवून, तपासून पाहत असावेत. त्याला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात एकही पोर हसलं नाही.

"टुमॉरो," सर म्हणाले, "आय विल नॉट कम टू स्कूल."

वाक्य अगदी बरोबर होतं. यावर बाईंनी "व्हेरी गुड" म्हणायचं असतं. ते काही केल्या त्यांना म्हणता येईना.